कुत्र्याच्या युरिन रिपोर्टात प्लस दिसला की लगेच अँटिबायोटिक? मला तरी पटत नाही

गंगापूररोडकर
आमची लॅब्राडोर मादी आहे, वय ८. सकाळी डोशाच्या जुन्या पळीत युरिन पकडली, फ्रीजमधे ठेवली, दुपारी माणसांच्याच लॅबला दिली. रिपोर्ट : प्रोटीन १+, पस सेल्स (पू-पेशी) ८-१०, ट्रिपल फॉस्फेट क्रिस्टल्स, एसजी (लघवी किती घट्ट की पातळ ते सांगणारा आकडा) १.०१०. आता सोसायटीत निम्मे म्हणतायत इन्फेक्शन, निम्मे म्हणतायत खडा, आणि एसजीकडे कोणी बघतच नाही!! माझं म्हणणं, पळीतल्या सँपलमधे बाहेरची घाण येणारच, फ्रीजमधे क्रिस्टल्स आपोआप बनतात, आणि पातळ लघवीत १+ प्रोटीन हे घट्ट लघवीतल्या १+ पेक्षा किडनीसाठी जास्त काळजीचं. म्हणजे घाबरायचं ते सोडून भलत्यालाच घाबरतोय आपण.

सातपूर_ब्रूनोचा_बाबा
भाऊ, वाचायला छान आहे. पण कुत्रं दर १० मिनिटाला बसतंय, थेंब थेंब रक्त येतंय, तेव्हा कल्चरच्या (सँपलमधले बॅक्टेरिया वाढवून बघतात त्या तपासणीच्या) रिपोर्टसाठी २-३ दिवस थांबायचं का? पोटातून सुई घालून सँपल घ्यायचं म्हटलं की घरचे आधी रडतात. डॉक्टरांनी अनुभवावर गोळी दिली तर बिघडलं काय?

गंगापूररोडकर
त्रास होत असेल तर द्या की, पण गोळीआधी सँपल काढून ठेवा, नंतर कल्चरमधे काही सापडत नाही. आमच्या बाईसाहेबांना तर काहीच त्रास नाही, नुसतं पाणी जास्त पितात. लक्षणं नसताना लघवीत नुसते बॅक्टेरिया सापडले तर सहसा औषध देऊ नये असं २०१९ च्या आंतरराष्ट्रीय व्हेट गाइडलाइन्समधेच आहे.

इंदिरानगर_मनीमाऊ
मांजरवाल्यांनी हा धागा वाचून रिपोर्टची वाट बघत बसू नका प्लीज. बोका लिटर ट्रेमधे जाऊन नुसता ओरडतोय आणि लघवी होत नाहीये, तर लॅब नाही, सरळ दवाखाना, रात्र असली तरी! बाकी मांजरात स्ट्रिपवरचा (लघवीत बुडवायची रंग बदलणारी पट्टी) ल्युकोसाइटचा, म्हणजे पस सेल्सचा, रंग खोटा पॉझिटिव्ह येतो, त्यावर विश्वास ठेवूच नये. तिथे मी गंगापूररोडकरांच्या बाजूने.

सिन्नरचा_गोठा
तुमच्या शहरी लोकांनी स्ट्रिपला फारच बदनाम केलंय राव. व्यालेली गाय पेंड सोडते, दूध उतरतं, तेव्हा गोठ्यातच लघवीत पट्टी बुडवली, जांभळी झाली की किटोसिसचा (अंगात किटोन वाढायचा आजार) संशय पक्का करून डॉक्टरला फोन. आणि गायीचा पीएच ८ आला की लोक घाबरतात, अहो चारा खाणाऱ्या जनावराचा तसाच असतो.

व्हेट_पंचवटी
गंगापूररोडकर, निम्मं बरोबर. पण एका १.०१० वरून किडनीचा निकाल लावू नका, कुत्रं भरपूर पाणी प्यायलं तरी एवढा येतो. शिवाय हा आकडा स्ट्रिपचा की रिफ्रॅक्टोमीटरचा (लघवीचा थेंब टाकून एसजी मोजायचं उपकरण)? जनावरांत स्ट्रिपचा एसजी धरतच नाहीत. सकाळची पहिली लघवी परत तपासा, कुत्र्यात १.०३० च्या वर गेली तर किडनी लघवी घट्ट करतेय. लघवीचा प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो करा (क्रिएटिनिन म्हणजे किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ), ०.५ च्या वर आला तर पुन्हा बघायचा, सोबत रक्तातलं क्रिएटिनिन आणि बीपी. मात्र आधी इन्फेक्शन नाही ना हे बघूनच, कारण त्यानेही प्रोटीन वाढतं. आणि पस सेल्स ८-१० ला घाण म्हणून सोडून देताय ते मला मान्य नाही, पाणी जास्त पिणाऱ्या कुत्र्यात तर नाहीच. सुईने सँपल घ्या, सोनोग्राफीखाली मिनिटभराचं काम.

सातपूर_ब्रूनोचा_बाबा
म्हणजे शेवटी सुईच ना डॉक्टर. आणि बिल?

व्हेट_पंचवटी
चुकीच्या गोळीचे दोन कोर्स झाले की तेवढंच होतं.

गंगापूररोडकर
स्ट्रिपचाच आहे आकडा, लॅबला फोन करून विचारलं आत्ता. सोमवारी सोनोग्राफी. पण फ्रीजमधल्या क्रिस्टल्सवरून खड्याचं महागडं फूड सुरू करायला सांगणाऱ्यांशी माझं भांडण अजून आहेच.