उभ्या शिळेच्या बुडाशी खणताना

मातीथर: मेन्हिरच्या, म्हणजे प्राचीन काळी उभ्या रोवलेल्या शिळेच्या, बुडाशी चारही बाजू एकदम उघडल्या तर चालतं का? आणि ती कधी उभारली हे ठरवायला कोळशाचा एखादा तुकडा पुरेसा आहे का?

खापरी: मुळीच उघडू नका. शिळा तोलून धरतात ते पाचरीचे दगड आणि खड्ड्यात ठोकलेली माती. खड्ड्याचा अर्धाच भाग खणा, तोही शिळा जिकडे कलली आहे त्याच्या उलट बाजूचा, आणि आधी टेकू लावा. खणलेल्या उभ्या छेदाचं चित्र १:१० प्रमाणात काढून झाल्यावरच पुढचं. पाचरीच्या प्रत्येक दगडाला उचलण्यापूर्वी क्रमांक द्या, फोटो घ्या. खड्ड्याची एक भिंत उतरती दिसली तर बहुधा तिकडूनच शिळा आत सरकवली.

वाळूकण: कोळसा दगा देतो. आधीच्या चुलीतला कोळसा भरावात मिसळतो, नाहीतर उंदराच्या बिळातून वरचा खाली येतो. घ्यायचाच तर बी किंवा बारीक काटकी. जुन्या खोडाचा नको. सोबत ओएसएलसाठी (मातीच्या कणांवर शेवटचा उजेड कधी पडला ते मोजून वय काढण्याची पद्धत) तळातल्या भरावात अपारदर्शक नळी ठोका, दोन्ही तोंडं लगेच बंद करा. ओलाव्याचा नमुना वेगळा. शेजारी ग्रॅनाइट असेल तर किरणोत्सर्गाची मोजणी जागेवरच करा, नाहीतर वय चुकतं.

खापरी: आणि शिळा नाही म्हणून जागा सोडू नका. फ्रान्समध्ये ब्रिटनीतल्या लॉकमारिआकेरला सुमारे २० मीटरची शिळा चार तुकडे होऊन पडली आहे. तिच्या रांगेत आणखी १८ शिळांचे रिकामे खड्डे उत्खननात सापडले. त्या जागच्याच एका कोरीव शिळेचे तुकडे पुढे दोन थडग्यांची छतं झाले, एक तिथेच, दुसरं गाव्रिनिस बेटावर. कोरलेल्या बैलाचं चित्र जुळलं म्हणून ते कळलं.