शब्दचर्चा : स्पॅनिशमधलं 'पोदेर', आणि त्याचं 'प्वेदो' का होतं

प्रश्न : स्पॅनिश शिकायला नुकतीच सुरुवात केली आहे. 'पोदेर' म्हणजे 'शकणे' एवढं कळलं. पण 'मी शकतो' म्हणताना 'पोदो' न होता 'प्वेदो' होतं आणि 'आम्ही' आलं की पुन्हा 'पोदेमोस'! तक्ता पाठ करण्याखेरीज काही उपाय आहे का?

उत्तर : आहे. शब्दात जोर कुठे पडतो तेवढं कान देऊन ऐका. वर्तमानकाळाची रूपं अशी : प्वेदो (मी), प्वेदेस (तू), प्वेदे (तो, ती, आदरार्थी 'आपण'), पोदेमोस (आम्ही), पोदेइस (तुम्ही), प्वेदेन (ते). मोठ्याने म्हणून बघा. 'प्वेदो'मध्ये जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे 'प्वे'वर आहे, 'पोदेमोस'मध्ये तो पुढे 'दे'वर सरकतो. जोर धातूच्या 'ओ'वर पडला की तो 'उए' होतो (तोच 'प्वे'मध्ये 'वे' असा ऐकू येतो). जोर प्रत्ययाकडे गेला की 'ओ' जागच्या जागी राहतो. 'आम्ही' आणि 'तुम्ही' वेगळे दिसतात ते एवढ्याचमुळे.

हे एकट्या क्रियापदाचं वैशिष्ट्य नाही, सगळ्या भाषेतच तसं झालं आहे. लॅटिनमधला ऱ्हस्व 'ओ' जोराखाली आला की स्पॅनिशमध्ये त्याचा 'उए' झाला. दार म्हणजे 'प्वेर्ता', पण दारावरचा माणूस 'पोर्तेरो'. नऊ म्हणजे 'न्वेवे', पण नव्वद 'नोवेन्ता'. मरण 'म्वेर्ते', पण मर्त्य 'मोर्ताल'. या जोड्या एकदा कानात बसल्या की 'प्वेदो – पोदेमोस' अनियमित वाटेनासं होतं. शेजारच्या पोर्तुगीजमध्ये हा बदल झालाच नाही. गोव्याच्या इतिहासातल्या 'नव्या काबिजादी' (पोर्तुगीजांनी नंतर मिळवलेला मुलूख) पोर्तुगीजमध्ये 'नोवास' आहेत, स्पॅनिशमध्ये त्याच 'न्वेवास' झाल्या असत्या.

आपल्याला ही सवय परकी वाटू नये. 'फूल'चं 'फुलाला', 'मूल'चं 'मुलाला', 'वीट'चं 'विटेवर' आपण रोज करतो. कारण निराळं आहे, पण पुढे काही जोडलं की मुळातला स्वर बदलतो, हे मराठी माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

अर्जेंटिनात 'तू'साठी 'वोस' म्हणतात आणि रूप होतं 'पोदेस', जोर शेवटच्या 'दे'वर. बघा, 'ओ' लगेच परत आला! स्पेनमध्ये 2014 साली स्थापन झालेल्या 'पोदेमोस' पक्षाचं नावही हेच प्रथमपुरुषी अनेकवचन आहे, त्यामुळे तिथे 'उए' नाही. इच्छा, शंका दाखवणाऱ्या रूपांतही हाच नियम चालतो : प्वेदा, प्वेदास, पण पोदामोस.

दोन ठिकाणी मात्र जोराचा नियम कामाला येत नाही. भविष्यकाळात मधला 'ए' गळतो, 'पोद्रे'. आणि पूर्ण भूतकाळात धातूच 'पुद' होतो : पुदे, पुदिस्ते, पुदो, पुदिमोस, पुदिस्तेइस, पुदिएरोन. ही पाठच करावीत. 'प्वेदो' म्हणजे 'मी शकतो' आणि 'पुदो' म्हणजे 'तो शकला'. मधला एक 'ए' गेला की कर्ताही बदलतो आणि काळही. नवशिक्यांची सर्वांत जास्त गडबड इथेच होते, म्हणून सुरुवातीपासून दोन्ही शेजारी शेजारी म्हणून सराव करावा. कोणत्या क्रियापदाचा 'ओ' बदलतो हेही शब्दकोशात पाहावं लागतं : 'दोर्मिर' (झोपणे) 'द्वेर्मो' होतं, 'कोमेर' (खाणे) मात्र 'कोमो'च राहतं.

प्रश्न : मग 'मला पोहता येतं' याला 'प्वेदो नादार' म्हटलं तर चालेल का?

उत्तर : शिकलेल्या विद्येबद्दल बोलत असाल तर नाही. तिथे 'साबेर' म्हणजे 'माहीत असणे' हे क्रियापद लागतं : 'से नादार'. मराठीत 'ता येणे' दोन्हीकडे चालतं. 'मला पोहता येतं' ही विद्या, आणि 'खांदा दुखतोय, आज पोहता येणार नाही' ही अडचण. स्पॅनिश माणूस पहिल्याला 'साबेर' आणि दुसऱ्याला 'पोदेर' वापरतो. मला उपयोगी पडलेली कसोटी अशी : वाक्यात 'जमणे' घालून बघा. 'उद्या यायला जमेल का?' हे बरोबर बसतं, म्हणून 'प्वेदेस वेनीर मान्याना?'. आणि जिथे 'कुठे शिकलास?' असं विचारता येतं, तिथे 'साबेर'.

परवानगी मागतानाही शब्दशः जाऊ नका. 'मी आत येऊ शकतो का?' हे मराठी नव्हे, आपण 'आत येऊ का?' म्हणतो. स्पॅनिशमध्ये त्याच जागी 'प्वेदो पासार?' अगदी सहज येतं, आणि दारावर टकटक करून नुसतं 'से प्वेदे?' म्हटलं तरी पुरतं.

या 'से प्वेदे'त कर्ता नाही, 'कुणालाही जमण्यासारखं आहे' असा भाव आहे. 1972 साली अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात शेतमजुरांच्या लढ्यात सेसार चावेस उपोषणाला बसले होते. इथे काही होणार नाही असं लोक म्हणत असताना डोलोरेस ह्युएर्ता यांनी उत्तर दिलं, 'सी, से प्वेदे'. होय, होऊ शकतं. 'मी' नाही, 'आम्ही' नाही, म्हणूनच ती घोषणा सगळ्यांची झाली असं मला वाटतं.

प्रश्न : 'पुदे' आणि 'पोदीआ' दोन्हींचा अर्थ 'शकलो' असाच दिला आहे. फरक काय?

उत्तर : फरक मोठा आहे, आणि तो मराठीत नेमका सांगता येतो. 'पुदे आब्रिर ला प्वेर्ता' म्हणजे 'मला दार उघडता आलं', प्रयत्न केला आणि उघडलं. 'पोदीआ आब्रिर ला प्वेर्ता' म्हणजे 'मला दार उघडता येत होतं', उघडलं की नाही ते कळत नाही. नकारात हे जास्त बोचतं : 'नो पुदे वेनीर' म्हणजे यायचं होतं, पण येणं झालं नाही. 'नो पोदीआ' म्हणजे येण्यासारखी परिस्थितीच नव्हती, पुढे काय झालं ते उघडं राहतं. माफी मागताना 'नो पुदे' म्हणावं.

आणि एक जोडून घ्या, 'नो प्वेदो मास'. शब्दशः 'मी आणखी शकत नाही', पण माणूस ते कधी म्हणतो बघितलं तर आपलं 'आता माझ्याच्यानं होत नाही' हेच.