‘सामाजिक न्याय’ की ‘समन्याय’?

प्रश्नकर्ती, सांगली : पाणीवाटपावरील पुस्तिकेचे मराठी भाषांतर करताना ‘भूमिहीनाला पाण्यात वाटा देणे हे उपकार नव्हेत, तो सामाजिक न्याय आहे’ असे वाक्य मी लिहिले. मसुदा वाचून दाखवला, तेव्हा एका आजोबांनी विचारले, ‘म्हणजे ह्याचा फॉर्म स्कॉलरशिपच्या हापिसात भरायचा का?’ आता कोणता शब्द योजावा?

माणदेशी, आटपाडी : आजोबांचे काय चुकले? स्कॉलरशिप देणाऱ्या सरकारी खात्याचे नाव ‘सामाजिक न्याय व विशेष सहाय्य’ झाले, तरी लोक त्याला ‘समाजकल्याण’च म्हणतात आणि नव्या नावालाही तोच अर्थ चिकटला आहे. आमच्याकडच्या पाणी चळवळीने ‘समन्यायी वाटप’, म्हणजे प्रत्येकाला न्याय्य वाटा, हा शब्द रुजवला. येरळा नदीवरच्या बळीराजा धरणाच्या पाण्यात भूमिहीन कुटुंबांचाही वाटा धरला गेला, म्हणून तो शब्द इकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

सातारकर : असहमत. ‘समन्यायी’ म्हटले की वाटणी कशी करायची एवढेच कळते. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या पंगतीबाहेर ठेवले, त्याचे काय, हे त्यात येत नाही. शाहू महाराजांनी १९०२ साली करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांसाठी राखल्या, त्याला समसमान वाटप कोणी म्हणणार नाही. पण सामाजिक न्यायाचे त्याहून ठळक उदाहरण मला सुचत नाही. त्यांची २६ जूनची जयंती राज्यात सामाजिक न्याय दिन म्हणून पाळतात, ती उगाच नव्हे. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची मुले एकाच वसतिगृहात ठेवली, तेव्हा त्यांना हा शब्द लागलाही नसेल.

मिरजेचे निवृत्त शिक्षक : ‘न्याय’ हा ‘नी’ म्हणजे नेणे या धातूवरून आला, जो योग्य ठिकाणी नेतो, तो न्याय. ‘सामाजिक’ हे विशेषण त्याला जोडणे मुळातच अनावश्यक आहे.

सातारकर : गुरुजी, ‘नि’ उपसर्ग आणि ‘इ’ धातू अशीही व्युत्पत्ती देतात. शिवाय विशेषण अनावश्यक असेल, तर संविधानाच्या उद्देशिकेतील ‘सामाजिक, आर्थिक व राजनैतिक न्याय’ यातली तिन्ही खोडावी लागतील.

मिरजेचे निवृत्त शिक्षक : त्यातला ‘राजनैतिक’ तर मी केव्हाच खोडला असता. ‘राजकीय’ हा सरळ मराठी शब्द हाताशी असताना हे हिंदी वळण कशाला?

माणदेशी, आटपाडी : मराठीत ‘राजनैतिक संबंध’ म्हणजे परराष्ट्र व्यवहार, त्यामुळे इथे गुरुजींचे म्हणणे मला पटते. मात्र संविधानाच्या अधिकृत मराठी पाठातला शब्द आपल्याला रुचत नाही म्हणून पुस्तिकेत बदलता येणार नाही.

प्रश्नकर्ती, सांगली : पुस्तिकेत ‘राजनैतिक’ कुठेच नाही हो. आजोबांना काय सांगू?