मदत हवी आहे: घरशिक्षण, बारावी बायोलॉजी आणि नीट (नाशिक)

नमस्कार मंडळी. माझा भाऊ-वहिनी टेक्सासहून नाशिकला परत आलेत. भाची तिथे घरीच शिकली आणि अजूनही तिथूनच मागवलेल्या पुस्तकांवर शिकते. पोरगी हुशार आहे, तिला जनावरांची डॉक्टर व्हायचंय. पण तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात बायबलच्या आधारे पृथ्वी सुमारे ६,००० वर्षांची आहे! परवा पांडवलेणीच्या पायऱ्यांवर काळ्या दगडावरून हात फिरवत म्हणाली, "आत्या, हा प्रलयात झाला ना?" हा दख्खनचा बेसाल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, असं मी सांगितलं. ती गप्पच झाली.

भावाच्या श्रद्धेला मला हात लावायचा नाही. घरी शिकवण्यालाही विरोध नाही, तिचं वाचन आपल्या शाळेतल्या मुलांपेक्षा दांडगं आहे. पण जनावरांच्या डॉक्टरकीसाठीही लागणाऱ्या नीट परीक्षेच्या अभ्यासक्रमात उत्क्रांती आहे, डार्विन आहे. ते टाळून कसं चालेल?

तिला चौदा पूर्ण आहेत, म्हणून एनआयओएसमधून (सरकारी मुक्त शाळा मंडळ) दहावी करावी म्हणतेय. पुढे सायन्सची प्रॅक्टिकल्स नाशिकमध्ये कुठे होतात? आणि गंगापूर रोड, कॉलेज रोडकडे न दुखावता, पुराव्यानिशी उत्क्रांती समजावणारे बायोलॉजीचे सर किंवा मॅडम कोणाला माहीत आहेत का?