ॲरिस्टॉटलची उष्णता आणि माझी खुडूक कोंबडी

बोरीकाठची

नमस्कार मंडळी. मी अमळनेर तालुक्यातली. घरी अकरा गावरान कोंबड्या, दोन शेळ्या, आणि सासूबाई झोपल्या की तत्त्वज्ञानाच्या एम.ए.चा अभ्यास. तालुक्याच्या गावी १९१६ पासूनचं तत्त्वज्ञान मंदिर आहे खरं, पण माझ्या प्रश्नात कोंबडी येते, म्हणून तो तिथे विचारायची लाज वाटते.

जीव कसा जन्मतो ह्याबद्दल ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलचं म्हणणं मला समजलं ते असं. अन्नाचं रक्त होतं, आणि रक्त अंगातल्या उष्णतेने आणखी शिजलं की त्याचं वीर्य होतं. नर उष्ण, त्याला हे जमतं. मादी थंड, तिचं रक्त अर्धंकच्चं राहतं, ते पाळीवाटे जातं. सगळ्या प्राण्यांची उतरंडही त्याने ह्याच मापाने लावलीय: उष्ण आणि ओलसर ते जिवंत पिल्लू घालतात, त्याखाली पक्ष्यांचं पूर्ण अंडं, मग माशांचं अपुरं अंडं (जे बाहेर पडल्यावर वाढतं), आणि तळाला किड्यांची अळी. म्हणजे ऊब जितकी जास्त तितकी बाळंतपणं उत्तम.

आता माझं. मे महिन्यात पारा ४५ ला टेकलेला असताना खुडूक कोंबडीखाली तेरा अंडी ठेवली. सासूबाई आधीच म्हणाल्या होत्या, "उन्हायामा कोंबडी नही बसाडतस माय, अंडा सडी जातस." ऐकलं नाही. पिल्लं निघाली चार. उष्णताच जर सगळं करते, तर आपल्या खान्देशात कोंबडीची तरी काय गरज? पत्र्यावर अंडी ठेवली की झालं!

जुना चष्मा

ताई, सासूबाई आणि ॲरिस्टॉटल एकाच बाजूला आहेत. गरमीच्या दिवसात अंडी जास्त नासतात, हे त्यानेच लिहून ठेवलंय. गाळ ढवळला गेला की उन्हाळ्यात दारू आंबते, तसा बलक फुटून अंडं बिघडतं, हा त्याचा दाखला.

तुमची गफलत एकाच ठिकाणी होतेय. त्याची 'उष्णता' म्हणजे थर्मामीटरचा आकडा नव्हे. अंगातली ऊब ही त्याच्या लेखी काम करणारी शक्ती आहे, कारागिराच्या हातासारखी. आगीतून कोणताही प्राणी जन्मत नाही, सूर्याच्या आणि प्राण्यांच्या उबेतून मात्र जन्मतो, असं तो स्पष्ट म्हणतो. वीर्यातल्या उबदार वायूला तो 'न्यूमा' म्हणतो, आणि तारे ज्या द्रव्याचे बनलेत त्याच्याशी त्याचं नातं जोडतो. नराचं वीर्य मादीच्या रक्तावर काय करतं? अंजिराचा चीक दुधाला जे करतो ते. चीक दूध गोठवतो, बाकी सगळा ऐवज दुधाचाच.

आणि प्रमाण! 'प्राण्यांची उत्पत्ती' ह्या त्याच्या ग्रंथाचा चौथा भाग काढा. तिथे तो म्हणतो की नर-मादीचं एकमेकांशी प्रमाण जुळावं लागतं; विस्तव जास्त झाला तर मटण करपतं, कमी पडला तर शिजत नाही. शेवभाजीचा रस्सा करणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

बाकी उष्णतेचं वेड त्याच्या एकट्याचं नव्हतं. त्याच्या आधीचा ग्रीक तत्त्वज्ञ एम्पेडोक्लीज म्हणायचा, गर्भाशय गरम असेल तर मुलगा, थंड असेल तर मुलगी. ॲरिस्टॉटलने त्याला जुळ्यांवरून उडवलं: एकाच गर्भाशयात एकाच वेळी एक नर, एक मादी कशी? तुमच्या शेळीला बोकड आणि पाठ जोडीने झाली असतील, तर हा खटला तुमच्या गोठ्यात कधीच निकाली निघालाय. पण मग तोच ॲरिस्टॉटल उत्तरेचं वारं असलं की नर जास्त होतात, हेही सांगतो. दक्षिणेचा वारा ओलसर, मग शिजवायला जास्त उरतं, हे त्याचं कारण. साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांना विचारून बघायला हवं.

काढेवाला

वैद्य आहे, म्हणून तोंड घालतो. रसापासून शुक्रापर्यंत, म्हणजे वीर्यापर्यंत, शरीरातले सात धातू पायरीपायरीने शिजत जातात, हे आमच्या आयुर्वेदातही आहे, त्यामुळे ॲरिस्टॉटल वाचताना घरच्यासारखं वाटतं. आणि तिथेच फसायला होतं. सुश्रुत म्हणतो, 'सौम्यं शुक्रम्, आर्तवम् आग्नेयम्'. शुक्र सोमाचं, थंड. बाईचं आर्तव, म्हणजे पाळीचं रक्त, अग्नीचं. बरोब्बर उलटं!

बोरीकाठची

अरे देवा. म्हणजे थंड कोण, उष्ण कोण, हेच ठरलेलं नाही?

जुना चष्मा

ग्रीसमध्येही नव्हतं ठरलेलं. ॲरिस्टॉटलच्या आधीच्या पार्मेनिडीज ह्या तत्त्वज्ञाच्या मते बाई पुरुषापेक्षा उष्ण, पुरावा म्हणून हीच पाळी. म्हणजे रक्त तेच. एकाला त्यात उष्णता दिसली, दुसऱ्याला थंडी.

हॅचरीवाला, नवापूर

तत्त्वज्ञान तुमचं तुम्ही बघा, मी अंड्यांचं सांगतो. मशीनमध्ये साडेसदतीस अंश, एकवीस दिवस. त्याच्या वर दोन अंश गेलं आणि टिकलं की पिल्लू आतच मरतं. ताई, तुमची अंडी बहुतेक बसवायच्या आधीच बिघडली. आठ-दहा दिवस गरम खोलीत साठवली ना? तिथे जीव अर्धामुर्धा वाढायला लागतो आणि सुकतो. ओल्या वाळूवर मडकं ठेवा, त्यात साठवा, आठवड्याच्या आत बसवा.

आणि कोंबड्यांमध्ये पिल्लू नर की मादी हे कोंबडी ठरवते. दोन प्रकारची अंडी तिच्याकडेच असतात, कोंबड्याकडून एकच प्रकार येतो. ते थंड, अर्धंकच्चं वगैरे जरा जपून बोला.

बोरीकाठची

उशिरा लिहितेय. पहिला पाऊस झाल्यावर मडक्यातली नऊ अंडी बसवली, ह्या वेळी सासूबाईंना विचारून. काल चौथ्या रात्री मोबाईलच्या टॉर्चवर एक अंडं धरलं. तीन दिवस-तीन रात्री झाल्या की आत रक्ताचा ठिपका दिसतो आणि तो जिवंत असल्यासारखा उसळतो, असं ॲरिस्टॉटलने लिहिलंय. दिसला. सासूबाईंनाही दाखवला. त्या म्हणाल्या, ठेव खाली, गार होईल.