मदत हवी आहे: काउंटरवरून घेतलेली अपॉइंटमेंट एक दिवस आधीची का पडते?

नमस्कार मंडळी,

ठाण्यात नौपाड्यातल्या एका फिजिओथेरपी क्लिनिकची वेबसाइट मी एकटी सांभाळते. मागे, म्हणजे सर्व्हरवर, पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल डेटाबेस, पुढे, म्हणजे ब्राउझरमध्ये, साधी जावास्क्रिप्ट. दोन आठवडे तारखांशी झगडते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पेशंट घरून मोबाइलवर तारीख निवडतात, ती बरोबर साठते. क्लिनिकमध्ये रिसेप्शनिस्टसाठी मात्र मी महिन्याचं वेगळं कॅलेंडर केलंय, एका ट्युटोरियलमधला कोड घेऊन. तिथे ५ मार्चवर क्लिक केलं की डेटाबेसमध्ये ४ मार्च पडतो. अगदी दर वेळी.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर व्यायामाला येणाऱ्या एक आजी आहेत, वय ७८. कळव्याहून रिक्षा करून त्या सोमवारी आल्या, कारण एसएमएसमध्ये सोमवार होता. सोमवारी आमचे डॉक्टर नसतात. काउंटरवरच्या वहीत मंगळवार, ५ मार्च असं स्वच्छ लिहिलेलं. आजी रागावल्या नाहीत. वॉकर शेजारी ठेवून अर्धा तास बसल्या आणि परत गेल्या. कोड माझा, चूक माझी. ती नुसती झाकायची नाहीये, मुळापासून समजून घ्यायची आहे.

साठवताना एक दिवस वाढवून पाहिला. काउंटरचं जमलं, पण साठवण्याचं फंक्शन दोन्हीकडे एकच असल्यामुळे मोबाइलवरच्या तारखा एक दिवस पुढे गेल्या. लगेच काढून टाकलं. सर्व्हरचा टाइमझोन आशिया/कोलकाता केला, काही फरक नाही.

दुसरं दुखणं: जुने पेशंट एक्सेलमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकूर फाइल) करून आणले. त्यात जन्मतारखा ०७/११/१९४८ अशा, आधी दिवस मग महिना. आता निम्म्याहून जास्त पेशंट १ जानेवारी १९७० ला जन्मलेले दिसतात आणि बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांचे दिवस-महिने उलटे झालेत. हे दोन घोळ एकच आहेत की वेगवेगळे?

ऐरोलीकर

वेगवेगळे आहेत. आधी पहिला सोडवू. कॅलेंडरमधली तारीख पाठवताना टू-आयएसओ-स्ट्रिंग (तारखेचा मजकूर करून देणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन) वापरलंय का? असेल तर ती पूर्ण स्ट्रिंग, म्हणजे मिळालेला मजकूर, ब्राउझरच्या कन्सोलवर छापून इथे टाका. कापलेली नको, पूर्ण.

धागाकर्ती

हो, वापरलंय. ५ मार्च निवडल्यावर हे आलं: २०२४-०३-०४, मग टी, मग १८:३०:००.०००, शेवटी झेड. मी यातली पहिली दहा अक्षरं घेऊन पाठवते.

ऐरोलीकर

ताई, तो १८:३० म्हणजेच तुमचं उत्तर. शेवटचा झेड सांगतो की ही वेळ यूटीसीमधली, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतली, आहे. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. कॅलेंडर वर्ष, महिना, दिवस देऊन डेट ऑब्जेक्ट (जावास्क्रिप्टमध्ये तारीख आणि वेळ धरणारी वस्तू) बनवतं, तेव्हा तो ब्राउझरच्या स्थानिक वेळेनुसार बनतो, म्हणजे ठाण्यातल्या ५ मार्चची मध्यरात्र. त्या क्षणी यूटीसीमध्ये ४ तारखेचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. दहा अक्षरं कापली की वेळ गळून पडते आणि चुकीची तारीख तेवढी उरते. हे सगळं ब्राउझरमध्येच घडतं, म्हणून सर्व्हरचा टाइमझोन बदलून काही झालं नाही.

मोबाइलवर बरोबर का, तर तिथे बहुतेक इनपुट टाइप डेट, म्हणजे ब्राउझरचा तयार तारखेचा रकाना, असणार. त्याची व्हॅल्यू स्क्रीनवर कशीही दिसली तरी नेहमी वर्ष-महिना-दिवस अशी स्ट्रिंगच असते. तुम्ही ती तशीच पाठवता, मध्ये डेट ऑब्जेक्ट येतच नाही.

कॅलेंडरमध्येही तेच करा, डेट ऑब्जेक्टमधून स्थानिक वर्ष, महिना, दिवस काढून स्ट्रिंग स्वतः जोडा: गेट-फुल-इयर, गेट-मंथ अधिक १ (महिने शून्यापासून मोजतात), गेट-डेट, आणि महिना-दिवसाला पॅड-स्टार्टने दोन अंक. गेट-डे चुकूनही नको, तो वार देतो. साडेपाच तास मिळवण्याचे उपाय नेटवर सापडतील, ते करू नका. अपॉइंटमेंटचा दिवस हा कॅलेंडरवरचा दिवस आहे, तो काळातला क्षण नाही. त्याला टाइमझोनच्या वाटेलाच जाऊ देऊ नये. कॉलमही डेट प्रकारचाच ठेवा.

परदेशस्थ वाशीकर

तो ट्युटोरियलचा कोड लिहिणाऱ्याकडे चालला कसा, हेही सांगतो, कारण मीही यात अडकलोय. न्यूयॉर्कमध्ये स्थानिक मध्यरात्र म्हणजे यूटीसीत त्याच दिवसाची पहाट, चार किंवा पाच वाजलेले. तारीख तीच राहते. लंडनला हिवाळ्यात फरकच नसतो. ज्यांचं घड्याळ यूटीसीच्या पुढे असतं त्यांनाच हा खड्डा लागतो. आम्हा अमेरिकेतल्यांना उलटा लागतो: २०२४-०३-०५ ही नुसती स्ट्रिंग न्यू डेटला, म्हणजे डेट ऑब्जेक्ट बनवायला, दिली की ती यूटीसीतली मध्यरात्र धरली जाते आणि अमेरिकेत ४ तारीख दिसते. म्हणून क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधल्या सेन्सर्समध्ये ठिकाण बदलून दोन्हीकडची तपासणी करा.

ऐरोलीकर

आता जन्मतारखा. इम्पोर्टमध्ये स्ट्र-टू-टाइम (मजकुरातून तारीख ओळखणारं पीएचपीचं फंक्शन) आहे ना? पीएचपीत तिरपी रेघ दिसली की ते अमेरिकन पद्धत धरतं, आधी महिना. मध्ये आडवी रेघ असती तर आधी दिवस धरला असता. म्हणून ०७/११ चा ११ जुलै झाला. दिवस १३ किंवा पुढचा असला की तो महिना होऊ शकत नाही, मग फॉल्स, म्हणजे जमलं नाही असं उत्तर, परत येतं. ते तसंच डेट फंक्शनला दिलं की शून्य सेकंद धरले जातात, आणि हे सेकंद १ जानेवारी १९७० पासून मोजतात, म्हणून तीच तारीख.

त्याऐवजी क्रिएट-फ्रॉम-फॉरमॅट वापरा, त्यात तारखेचा साचा आपण सांगतो: फॉरमॅट उद्गारचिन्ह आणि मग डी/एम/वाय, यातला वाय कॅपिटल. उद्गारचिन्हामुळे आत्ताची वेळ त्यात चिकटत नाही. एक सावधगिरी: ३१/०२ आलं तर ते तक्रार न करता मार्चमध्ये सरकतं. म्हणून परत त्याच फॉरमॅटमध्ये छापून मूळ मजकुराशी जुळवा. जुळलं नाही तर ती ओळ बाजूला काढा.

आणि डेटाबेसमध्ये उलटसुलट करून दुरुस्त करू नका. १९७० झालेल्यांची मूळ तारीख आता तिथे नाहीच. मूळ सीएसव्हीवरूनच पुन्हा भरा.

धागाकर्ती

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. काल रात्री कॅलेंडर बदललं, ५ मार्च आता ५ मार्चच पडतो. ठिकाण बदलूनही पाहिलं, टोकियो आणि सॅन फ्रान्सिस्को दोन्हीकडे बरोबर.

जन्मतारखा मूळ सीएसव्हीवरून पुन्हा भरल्या. जुळवणी ठेवली म्हणून काही ओळी बाजूला पडल्या, कारण त्यांत वर्ष दोनच अंकी होतं, ७/११/४८ सारखं. छोटा वाय (दोन अंकी वर्षासाठीचा) वापरला तर पीएचपी ४८ चं २०४८ करतं, असं करून पाहिल्यावर कळलं. एवढ्यासाठी नियम लिहिण्यापेक्षा केस पेपर काढून हाताने भरते आहे.

राहिल्या काउंटरवरून घेतलेल्या पुढच्या अपॉइंटमेंट्स. कोणती नोंद कुठून आली याचा कॉलम आहे, त्यामुळे एका क्वेरीत सगळ्यांना एक दिवस वाढवता आला असता. पण मधल्या काळात रिसेप्शनिस्टने काही हाताने सुधारल्यात, त्या दोनदा सरकतील. म्हणून बॅकअप घेतला आणि वही उघडून एकेक नोंद लावते आहे. तारीख बदलली की त्या पेशंटला फोन करते. पहिला फोन कळव्याच्या आजींना केला. त्या मंगळवारी येतायत.