कार्तिकी एकादशीला शेजारच्या अखंड पाठाचे निमंत्रण : नारळ न्यावा का, आणि प्रसादाचे काय करावे?

इंदिरानगरवासी (प्रश्न)

नमस्कार. आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक शीख कुटुंब राहते. घराची दुरुस्ती व रंगकाम पूर्ण झाल्यानिमित्त त्यांनी घरी अखंड पाठ, म्हणजे गुरू ग्रंथसाहिबांचे सलग वाचन, ठेवला आहे. आज शुक्रवारी पाठ सुरू झाला असून रविवारी सकाळी त्याचा भोग (समाप्ती) आणि त्यानंतर खाली पार्किंगमध्ये लंगर आहे. आम्हा दोघांना आणि आईला आग्रहाचे बोलावणे आले आहे.

आज पहाटे दूध आणायला उतरलो तेव्हा जे पाहिले, त्यामुळे हा प्रश्न विचारावासा वाटला. घरातील मुलगा स्टीलच्या तांब्यातून जिन्याच्या पायऱ्यांवर पाणी शिंपडत पुढे चालला होता आणि त्याच्या मागून वडील अनवाणी, डोक्यावर रेशमी वस्त्रात गुंडाळलेला ग्रंथ घेऊन, सावकाश तीन मजले चढत होते. लिफ्ट चालू होती. मी दूध हातात धरून भिंतीशी उभा राहिलो. नमस्कार करावा की वाटेतून दूर व्हावे, हेही मला उमगले नाही. निमंत्रण एवढे मनापासून आलेले असताना आपल्याकडून अजाणतेपणी काही वावगे घडू नये, एवढीच इच्छा आहे.

आईचे वय चौऱ्याहत्तर, घराण्यात वारी आहे. तिचे म्हणणे असे की, ज्या ग्रंथात आपले नामदेव महाराज आहेत त्याच्या दर्शनाला रिकाम्या हाताने जायचे नाही. नारळ, हार, उदबत्ती आणि त्या घरच्या सुनेची ओटी हे सगळे तिने पिशवीत भरून ठेवले आहे. अडचण अशी की रविवारी कार्तिकी एकादशी आहे. प्रसाद कणकेचा असतो असे ऐकतो, तेव्हा तो नाकारला तर त्यांचा अवमान होईल आणि घेतला तर आईचा उपवास मोडेल. शिवाय असा एक लहान ग्रंथ मिळाला तर आपल्या देवघरात ठेवू, असेही तिच्या मनात आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

देवळालीकर सिंग

आमच्या तीन पिढ्या देवळाली कॅम्पात गेल्या, त्यामुळे आपला प्रश्न दोन्ही बाजूंनी समजतो. आईंना माझा नमस्कार सांगावा.

नारळ, हार आणि उदबत्ती घरीच ठेवावी. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने १९४५ साली मान्य केलेल्या रहित मर्यादेत, म्हणजे शीख आचारसंहितेत, पाठाच्या वेळी कुंभ, नारळ, तुपाची ज्योत वगैरे ठेवणे गुरुमताला धरून नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. याचा अर्थ आपण आणलेला नारळ कोणी तोंडावर परत करील असा मुळीच नाही. घरचे लोक संकोचाने तो घेतील आणि मग कुठे ठेवायचा म्हणून एकमेकांकडे पाहत राहतील. त्यापेक्षा कणीक, तूप, साखर, डाळ किंवा दूध असे काही न्यावे. ते थेट लंगरच्या स्वयंपाकात जाते. भेटीचे पैसे ठेवायचे असतील तर माथा टेकताना समोर ठेवावेत. ओटीचे म्हणाल, तर ती दोन बायकांमधली गोष्ट आहे. कार्यक्रम आटोपल्यावर आत स्वयंपाकघरात भरली, तर सूनबाईंना आनंदच होईल. फक्त ग्रंथसाहिबांसमोर नको.

आज पहाटे आपण जे पाहिले त्यातच बाकीच्या प्रश्नांचे उत्तर आहे. १७०८ साली नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी आपल्यानंतर देहधारी गुरू न नेमता गुरुपद ग्रंथाला दिले. तेव्हापासून आमच्या लेखी तो ग्रंथ नसून गुरू आहे, आणि आपले गुरू घरी येत असतील तर त्यांना काखोटीला मारून कोणी आणत नाही. म्हणून ते डोक्यावर येतात, चंदोव्याखाली (कापडी छताखाली) मंजीसाहिबवर (लहान पलंगावर) विराजमान होतात, त्यांच्यावर चौरी (चवरी) ढाळली जाते, पहाटे ‘प्रकाश’ (उघडणे) आणि रात्री ‘सुखासन’ (मिटून विश्रांतीला ठेवणे) होते. पानांनाही आम्ही पाने म्हणत नाही, ‘अंग’ म्हणतो. असे १४३० अंग आहेत. अखंड पाठात पाठी (वाचणारे) आळीपाळीने बसून साधारण ४८ तासांत ते सारे वाचतात, मध्ये खंड पडू देत नाहीत. रात्री तीन वाजता वरच्या मजल्यावरून संथ सुरातले वाचन कानी आले, तर त्याचे कारण हेच.

आता देवघराविषयी. संपूर्ण स्वरूप, मग ते गुरुमुखी लिपीत असो वा देवनागरीत, घरी ठेवायचे म्हणजे त्यांच्यासाठी वेगळी खोली आणि रोजची सेवा आली. आमच्या स्वतःच्या घरी नाही. दोन खोल्यांत ते निभत नाही आणि निभत नसताना ठेवू नये, असे वडील सांगत. त्याऐवजी नित्य पाठाच्या वाण्यांचा (प्रार्थनांचा) गुटका, म्हणजे लहान पोथी, मिळते. ती स्वच्छ कापडात गुंडाळून उंच जागी ठेवावी, हात धुऊन व डोके झाकून वाचावी. मूर्तींच्या ओळीत ठेवण्यापेक्षा वेगळ्या फळीवर ठेवलेली बरी. हल्ली आमची मुले रिक्षात बसून मोबाइलवर जपजी ही सकाळची प्रार्थना वाचतात आणि त्यासाठीही डोक्यावर रुमाल घेतात. ते पाहून मला हसू येते आणि बरेही वाटते.

प्रसादाबद्दल निश्चिंत असावे. कणीक, तूप व साखर समप्रमाणात घेऊन केलेला तो कडा प्रसाद. दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यावा, कपाळाला लावावा आणि उपवास असल्याचे सांगावे. कागदात बांधून घरी नेणारे पुष्कळ असतात. दुसऱ्या दिवशी द्वादशीला आईंनी तो खुशाल घ्यावा. लंगरच्या पंगतीत मात्र नुसते बसले तरी चालते, कारण एका ओळीत सर्वांनी जमिनीवर बसणे यालाच तिथे महत्त्व आहे. गुडघे दुखत असतील तर घरच्यांना आधी सांगावे, भिंतीशी खुर्ची मिळेल. ग्रंथसाहिबांकडे पाय करून बसू नये, एवढे पाळावे.

एक राहिले. आई मिश्री लावत असतील तर डबी बरोबर नेऊ नये. खालसा रहितीत तंबाखू पूर्ण वर्ज्य आहे. हे लिहिताना जरा संकोच वाटतो, पण माझ्या आजीच्या मैत्रिणीची डबी एकदा भर दरबारात कनवटीतून घरंगळली होती, म्हणून लिहिले.

गोदाकाठचा निवृत्त शिक्षक, येवला

वरील उत्तरात आचाराचा भाग पूर्ण आला आहे. मी आईंसाठी थोडे लिहितो.

१६०४ साली गुरू अर्जुनदेवांनी सिद्ध केलेल्या आदिग्रंथात, म्हणजे ग्रंथसाहिबाच्या मूळ रूपात, नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांची भाषा त्या काळची उत्तरेकडची, पण कान देऊन ऐकले तर आतून मराठी डोकावते. ‘आनीले कुंभ भराईले ऊदक’ हे आसा रागातले पद घ्या. आणिले, भरविले हे आपलेच ‘ले’ आहेत. देवाला स्नान घालायला घागर भरून आणली, तर त्या पाण्यात बेचाळीस लाख जीव आधीच राहून गेलेले. फुले आणली तर भुंग्याने आधी वास घेतलेला. दूध आणले तर वासराने आधी उष्टावलेले. मग विठ्ठलाला अर्पण करायचे तरी काय, असे नामदेव विचारतात. पुढे इकडे बीठल, तिकडे बीठल, बीठलाविना जगच नाही, असे ते म्हणतात. आईंनी पिशवीतला नारळ का काढून ठेवायचा, हे रहित मर्यादेपेक्षा त्यांना या पदातून लवकर पटेल असे वाटते.

मला स्वतःला जवळचे वाटते ते रामकली रागातले पद: ‘आनीले कागदु काटीले गूडी आकास मधे भरमीअले’. कागद आणला, कापून पतंग केला, आकाशात सोडला. उडवणारा चार जणांशी गप्पा मारतो आहे, पण चित्त दोरीवर आहे. आमच्या येवल्यात संक्रांतीला ज्याने गच्चीवर आसारी (मांजाची चक्री) हातात धरली आहे, त्याला या ओळीचा अर्थ सांगावा लागत नाही. शेजारचा काय विचारतो त्याला हो-नाही उत्तर देत असतो, आणि बोटांना मात्र मांजाचा ताण अचूक कळत असतो. पुढच्या कडव्यांत डोक्यावर घागरी घेऊन हसत-बोलत चाललेल्या मुली, पाच कोसांवर चरताना वासरात जीव अडकलेली गाय, आणि घरकाम करताना पाळण्याकडे लक्ष असलेली आई येते. मी हे पद शाळेत शिकवायचो. ते ग्रंथसाहिबात आहे असे सांगितले की मुले आश्चर्याने पाहत आणि आपल्याच गावचे कोणी परदेशात भेटावे तसा आनंद त्यांना होई.

त्याच रागातील दुसऱ्या एका पदात गंगा आणि गोदावरीचे नाव आहे, कुंभस्नानाचेही आहे. हे सारे केले तरी रामनामाची सर येत नाही, असे नामदेव बजावतात. सिंहस्थाच्या तयारीत बुडालेल्या आपल्या नाशिकने ते वाचावे, असे मनात येते. पण तो विषय येथे नको. उपवासाविषयीही सांगायला हवे. अन्न सोडून मिरवणाऱ्यांवर याच ग्रंथात कबीरांनी कडक शब्दांत टीका केली आहे. भोगानंतरच्या कीर्तनात नेमके तेच पद आले, तर आईंनी मनाला लावून घेऊ नये.

नांदेडवासी

देवळालीकरांच्या उत्तराला एक पुस्ती जोडतो. ज्योत आणि आरती सर्वत्र वर्ज्य आहे असा समज होऊ नये. आमच्याकडे नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात संध्याकाळी दिवे ओवाळून आरती होते, दसऱ्याला ‘हल्ला’ नावाची मिरवणूक निघते, आणि तेथील मर्यादा पंजाबातील मर्यादेहून काही बाबतींत निराळी आहे. आपले शेजारी नांदेडच्या परंपरेतले असतील तर त्यांच्या घरी दिवा दिसू शकेल.

देवळालीकर सिंग

मान्य. तरीही पाहुण्याने स्वतःहून उदबत्ती लावू नये, असेच मी म्हणेन. बाकी आरतीचा मुद्दा आलाच आहे तर सांगतो: गुरू नानकांनी धनासरी रागात जी आरती रचली, तिच्यात आकाश हेच ताट आहे, सूर्य-चंद्र हे दिवे आहेत आणि तारे हे मोती. झोपण्यापूर्वीच्या सोहिला या प्रार्थनेत आम्ही ती रोज म्हणतो.

इंदिरानगरवासी

सर्वांचे मनापासून आभार. काल जाऊन आलो, म्हणून थोडक्यात कळवतो.

दोन किलो कणीक आणि अर्धा किलो साजूक तूप नेले. आईने माथा टेकला आणि खुर्ची नाकारून भिंतीला टेकून तासभर खाली बसली. उठताना तिला दोघींनी हात दिला. अरदास (सामुदायिक प्रार्थना) झाली, हुकमनामा (ग्रंथ उघडून वाचलेले पद) वाचला गेला, मग प्रसाद आला. आईने ओंजळ पुढे केली, कपाळाला लावली आणि उपवास असल्याचे सांगितले, तेव्हा वाढणाऱ्या मुलाने काही न बोलता खिशातून स्वच्छ कागद काढला. म्हणजे असे लोक त्याच्या ओळखीचे होते. पंगतीत तिने पाण्याचा पेला घेतला आणि शेजारच्या लहान मुलीला पोळीचे तुकडे करून दिले. ओटी स्वयंपाकघरात भरली. डबी घरीच राहिली होती, पण दुपारी चारपर्यंत आईला तिची तीनदा आठवण झाली.

येवल्याच्या सरांचे पतंगाचे पद मी कागदावर लिहून नेले होते. जेवणानंतर सूनबाईंनी मोबाइलवर ते गुरुमुखीतून शोधून मोठ्याने वाचले. ‘राखीअले’ येथे आईने त्यांना थांबवले आणि म्हणाली, “हे ‘राखिले’ आहे.” त्यांनी पुन्हा वाचले, आईने पुन्हा मान डोलावली, कडवे संपायला बराच वेळ लागला.

आज सकाळी द्वादशीचे पारणे त्या प्रसादाने झाले. तूप थिजले होते, म्हणून कढईत जरा गरम करून घेतला. आणि शेजारच्या आजींनी आता उलट विचारले आहे की, आमच्या विठ्ठल मंदिरातला काकडा किती वाजता असतो. पौर्णिमेपर्यंत काकडा आहे, त्याच पौर्णिमेला गुरू नानक जयंती, आणि त्यासाठी त्यांच्या प्रभातफेऱ्याही याच दिवसांत पहाटे पाचला निघतात. कोणत्या दिवशी कोणी कोणाकडे जायचे, यावर जिन्यात दोन्ही म्हाताऱ्यांची बोलणी चालू आहेत.